बदकाला गोळी लागायची कशी?

बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या आमच्या घरात टीव्ही गेम आला तेव्हा मी चौथीत होतो. बाबांनी तो गांधीनगरच्या नॅशनल मार्केटातून आणला होता. खोक्यात एक डबा, दोन रिमोट आणि एक बंदूक. बंदूक! मग रिमोटकडे कोण बघतंय?

टीव्हीवर बदकं उडायची. नेम धरून चाप ओढला की बदक फडफडत खाली. नेम चुकला तर गवतातून एक कुत्रा डोकं वर काढून खी खी हसायचा. त्याचा मला अजून राग आहे.

पण बंदुकीतून तर काहीच सुटत नव्हतं. मग बदकाला कळायचं कसं?

खरं म्हणजे बंदुकीतून काही बाहेर जातच नव्हतं, उलट आत येत होतं! नळीत बसला होता उजेड ओळखणारा एक डोळा. चाप ओढला की सगळा पडदा काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीला उजेड दिसला? मग नेम बरोबर. दोन बदकं असली तर चौकोन एकापाठोपाठ एक, म्हणजे कुठलं पडलं तेही कळायचं. आणि हे सगळं पापणी लवायच्या आत.

मी एकदा बंदूक सरळ बल्बवर धरली. जमलं नाही. का, ओळखा बघू! पडदा काळा असतानाही बंदुकीला उजेडच दिसत होता. म्हणजे हा पोरगा लबाडी करतोय!

लबाडी आमचा डबाही करायचा म्हणा. नावं वेगवेगळी: कुणाकडे समुराई असायचा, कुणाकडे मीडिया, कुणाकडे लिटल मास्टर. पण घराणं एकच, जपानच्या निंटेंडो कंपनीचा १९८३ सालचा फॅमिकॉम. त्याची काम करायची मेमरी होती फक्त २ किलोबाइट. तुम्ही वाचताय तो लेखसुद्धा तिच्यात मावणार नाही! १९८५ चा अख्खा मारिओ हा गेम ४० किलोबाइटांच्या कॅसेटमध्ये बसवलेला. तो कसा? मारिओतलं झुडूप नीट बघा आणि मग वरचा ढग बघा. चित्र एकच आहे, नुसता रंग बदललाय. वर्षानुवर्षं खेळून आमच्या हे लक्षात आलं नव्हतं.

कॅसेटवर '९९९९ गेम' असं छापलेलं असायचं. खरे गेम मोजके. तेच ते नाव बदलून, मधल्याच स्टेजपासून सुरू केलेले.

आणि एक लबाडी आम्ही स्वतःशीच करायचो. गेम अडकला की कॅसेट काढून फुंकायची. शेजारची कन्नड मुलं "ऊदु, ऊदु!" ओरडायची, आम्ही "फुंक, फुंक!" गेम सुरूही व्हायचा. पण फुंकरीमुळे नव्हे. कॅसेट काढून परत घातली की तिच्या धातूच्या पट्ट्या नीट टेकायच्या, एवढंच. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट पट्ट्या गंजायच्या. हे मला मोठेपणी कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण आमच्या गल्लीत सगळ्यात भारी फुंकर माझी होती.

आम्ही कॅसेटी फुंकल्या त्याच बंगळुरात १९९७ साली राजेश राव यांनी ध्रुवा इंटरॅक्टिव्ह ही गेम बनवणारी कंपनी काढली. पुढे फोर्झा या शर्यतीच्या गेममधल्या गाड्या घडवायला तिथल्या चित्रकारांनी हात लावला. तिकडे यंत्रंही फुगत गेली. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये मेमरी १६ गिगाबाइट, म्हणजे आमच्या डब्याच्या ८० लाखपटींहून जास्त. ढगाचं झुडूप करायची आता कुणाला गरज नाही.

परवा माळ्यावर तो जुना डबा सापडला. भाचीनं तो नव्या सपाट टीव्हीला कसाबसा जोडला. मारिओ पळाला. मग तिनं बंदूक उचलली, नेम धरला, ठो! बदक मजेत उडत राहिलं. जुना टीव्ही आलेलं चित्र त्याच क्षणी पडद्यावर रंगवायचा. नवा टीव्ही आधी ते चित्र आत घेतो, साफसूफ करतो, मग दाखवतो. तोवर बंदूक बघून मोकळी झालेली असते.

भाचीनं पडद्याला नळी टेकवून बघितली. तरी नाही.

कुत्रा मात्र वेळेवर वर आला.