पातळ लोकसंख्या

सातवीच्या भूगोलाच्या वह्यांत ‘वाळवंटात पातळ लोकसंख्या असते’ असं वाक्य हमखास सापडतं. त्यावर लाल रेघ मारणं जिवावर येतं, कारण विषय पोराला कळलेला असतो. माणसं कमी, घरं लांब लांब, हे त्याने बरोबर टिपलेलं असतं. चुकते ती फक्त जोडी. ताक पातळ, वरण पातळ; लोकसंख्या मात्र विरळ.

व्याकरणाच्या तासाला आम्ही गुणविशेषण, संख्याविशेषण आणि सार्वनामिक विशेषण शिकवतो. अधोरेखित करा, प्रकार ओळखा, झालं. कोणत्या नामाशेजारी कोणतं विशेषण बसतं, ते पोरांनी आपलं आपण उचलायचं. घरच्या शब्दांचं ते उचलतातही. शिळ्या भाकरीला ‘जुनी भाकरी’ म्हणणारं पोर मला अजून भेटलेलं नाही. पण ‘स्थितिज ऊर्जा’ किंवा ‘समशीतोष्ण कटिबंध’ कोणाच्या चुलीपाशी ऐकू येणार? हे शब्द शाळेतच भेटतात, म्हणून त्यांची ओळखही शाळेनेच करून द्यायला हवी.

लग्नसराई संपली की पोरं जुन्या पत्रिकांचे गठ्ठे आणून देतात. कोऱ्या बाजूचा पुठ्ठा कापून शब्दपट्ट्या होतात. विशेषणं लाल स्केचपेनने, नामं निळ्या. एका तासाला चारच लाल पट्ट्या काढायच्या आणि त्याही एकमेकींना चिकटून असणाऱ्या: पातळ, विरळ, विरल, तुरळक. समोर निळ्या पट्ट्यांची रास: ताक, हवा, केस, आम्ल, पाऊस, लोकवस्ती. ज्याला जोडी लावायची त्याने उठून पूर्ण वाक्य बोलायचं. नुसती पट्टीला पट्टी लावली तर ती जोडी धरायची नाही.

‘ताक विरळ झालंय,’ एकाने मुद्दामच म्हटलं.

‘आज्जीला म्हणून बघ, हाणंल तुला,’ मागून आवाज आला.

वर्ग हसला आणि जोडी बाद झाली. ‘केस’वर मात्र भांडण जुंपलं. केस विरळ होतात तसे पातळही होतात, दोन्ही बोलतात. अशा वेळी निकाल द्यायची घाई करू नये. विरळ म्हणताना केसांमधलं अंतर डोळ्यांसमोर येतं, हे एका मुलीने स्वतःच शोधून काढलं; आणि मग डोंगरमाथ्यावरची हवा विरळ का, हे समजावताना माझे दोन फळे वाचले. आम्ल राहिलं होतं. विज्ञानाच्या पुस्तकात ते ‘विरल’ असतं, ळ नाही, ल. शब्द तोच, भूगोलात मराठी वळणाने आला आणि रसायनशास्त्रात संस्कृत इस्त्री करून. मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघणारी पोरं तिथे ‘तनु आम्ल’ लिहितात. ते हिंदीत बरोबर आहे हेही सांगावं लागतं, नाहीतर बिचारी गोंधळतात.

‘तुरळक’ला आमच्याकडे गिऱ्हाईक लगेच मिळतं. शाळा माण तालुक्यातली. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आमच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. जिल्हा एकच, सातारा. ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ हे बातम्यांमधलं वाक्य पोरांना पाठ आहे. ‘प्रतिरोध पाऊस’ मात्र पाठ होऊनही कळत नव्हता. मग खिडकीतून पश्चिमेकडे बोट केलं: सह्याद्री ढगांना अडवतो, तो प्रतिरोध, अडवल्यावर पलीकडे पडतो तो पाऊस, आणि आपण अलीकडे, पर्जन्यछायेत. पुढे कोणाला पुन्हा सांगायची वेळ आली नाही. ‘ओला दुष्काळ’ यावर मात्र वर्गाचा आजही विश्वास नाही. ओला कसा दुष्काळ असेल, सर?

दुसरा खेळ पोरांच्या जास्त आवडीचा. नाम द्यायचं, विशेषण घडवायचं. इतिहास-ऐतिहासिक, भूगोल-भौगोलिक, उद्योग-औद्योगिक, समाज-सामाजिक. पहिला स्वर फुगतो हे तीन-चार उदाहरणांतच कळतं आणि मग गाडी सुसाट सुटते. शेत-शैतिक! गाव-गाविक! हसू आवरून सांगावं लागतं की हा संस्कृत शब्दांचा मामला आहे, शेताचं ‘शेतकी’ होतं. पण शब्द घडवला म्हणजे काम संपत नाही. ‘ऐतिहासिक’ला किल्ला, वास्तू, घटना चालते, ‘ऐतिहासिक माणूस’ म्हटलं की कान टवकारतात, ‘ऐतिहासिक व्यक्ती’ म्हटलं की नाही. इथे नियम सांगता येत नाही. पुन्हा पुन्हा ऐकवणं, वाचायला लावणं, एवढंच हाती असतं.

म्हणूनच ‘जोड्या लावा’ या प्रश्नावर माझा राग आहे. चारपैकी तीन जमल्या की चौथी फुकट मिळते. तपासायला सोपा, म्हणून टिकलाय. मी चाचणीत उलटा प्रश्न घालतो: चुकीच्या जोडीचं वाक्य देतो आणि ते नीट करून कारण लिहायला सांगतो. ‘दाट आम्ल’ दिलं, तर ‘संहत आम्ल’ लिहिणारी पोरं बरीच निघतात. कारणाची रेघ मात्र बहुतेकांची कोरी राहते, कारण ‘संहत’ला घरात, रानात, बाजारात कुठेच सोयरिक नाही. त्यावर अजून काम चालू आहे.

स्वतःच्या गावावर विशेषणं वापरून पाच वाक्यं लिहा, असंही एकदा दिलं होतं. एका मुलीने लिहिलं, ‘आमच्या गावात पाऊस तुरळक आणि टँकर अनियमित असतो.’ दोन्ही विशेषणांना पूर्ण मार्क दिले. टँकरचं बघायला सरपंचांना सांगितलंय.