जीभ घसरली की विचार बदलला?

आजचा विषय हेतू. हेतू म्हणजे काय, हा प्रश्न नीतिशास्त्रात येतो, कोर्टात येतो, आणि पत्त्यांच्या टेबलावरही येतो. आम्हाला विचाराल तर तिथंच तो जास्त स्वच्छ दिसतो. आपल्या निलंग्यात तीन-दोन-पाच आणि रमी खेळणारे गल्लोगल्ली सापडतील, ब्रिजवाले थोडे. म्हणून आधी कामापुरतं सांगू.

ब्रिजमध्ये दोन-दोनच्या जोड्या. बोली जिंकलेल्या जोडीतला एक जण खेळतो. दुसरा आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडतो, तो डमी. डमीची पानंही खेळणाराच चालवतो, ती तोंडानं सांगून: "बदामची राणी." म्हणजे इथं बोलणं हीच कृती. मग चुकीचं पान तोंडातून निघालं तर?

आपल्याकडं उत्तर सोपं, टाकलं पान उचलायचं नाही. ब्रिजचा कायदा असा थांबत नाही. 2007 च्या नियमावलीत, न सांगायचं पान सांगितलं गेलं तर विचारासाठी न थांबता, जोडीदाराचं पान पडायच्या आत दुरुस्ती करता येई. 2017 मध्ये हे बदललं. आता आपल्या हातातलं किंवा डमीतलं पुढचं पान खेळेपर्यंत दुरुस्ती चालते, पण फक्त जीभ घसरली असेल तर. लक्ष उडालं किंवा विचार बदलला, तर नाही. मधल्या काळात विरोधकानं पान टाकलं असेल तर त्याला ते मागं घेता येतं.

उदाहरण घेऊ. मनात इस्पिक, तोंडून किलवर निघालं. ही घसरलेली जीभ. आता दुसरा प्रसंग: बदामची चाल, विरोधकानं हुकमानं कापलं, ते न बघताच खेळणारा म्हणतो, "राजा." मग दचकून, "नाही नाही, दुरी!" ही दुरुस्ती मिळणार नाही. का? त्या क्षणाला त्याला राजाच म्हणायचं होतं. चूक बघण्यात झाली, बोलण्यात नाही.

एलिझाबेथ अँस्कम यांनी 1957 च्या 'इंटेन्शन' या पुस्तकात नेमका हाच फरक केला. यादीत एक आहे आणि माणसानं पिशवीत दुसरंच भरलं, तर यादी दुरुस्त करून भागत नाही. चूक करण्यात आहे. तिथून निर्णयातली चूक वेगळी. नवा नियम आम्हाला योग्य वाटतो, कारण जीभ घसरल्याचं लक्षात यायला कधी दोन क्षण लागतातच. भार मात्र पंचावर पडला: दुसऱ्याच्या मनातलं त्यानं ठरवायचं!

अर्धवट सांगितलं तर? आपले नैयायिक इथं 'सैंधव' आणतील. जेवताना सैंधव मागितलं तर मीठ, प्रवासाला निघताना मागितलं तर घोडा, तात्पर्य प्रसंगावरून. ब्रिजमध्ये नुसतं "इस्पिक" म्हटलं की सर्वांत लहान इस्पिक धरतात. पण वेगळा हेतू निर्विवाद दिसत असेल तर तो हेतू चालतो. डमीत नसलेलंच पान सांगितलं तर ते सांगणं रद्द, पुन्हा सांगा.

आणि खेळणारा कंटाळून "टाका काहीही" म्हणाला तर? तर डमीतलं पान कोणतं, हे विरोधक ठरवू शकतात.