गाडीवरचे व्हिनाइल फाटले तर...

शहरातली एखादी बस चाकांपासून टपापर्यंत जाहिरातीने मढवलेली आपण पाहतो. हे चित्र पत्र्यावर रंगवलेले नसते. ते प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर छापून गाडीवर चिकटवलेले असते. खासगी मोटारींवरही मूळ रंग झाकण्यासाठी असा पापुद्रा चढवतात. व्यवहारात त्याला 'रॅप' किंवा नुसते 'व्हिनाइल' म्हणतात. काही दिवसांनी त्यावर ओरखडे उठतात, फुगे येतात, कडा सुटतात, कुठेतरी तो फाटतो. कारागीर कधी गरम हवेचा झोत मारून पाच मिनिटांत दुरुस्ती करतो, तर कधी "पूर्ण दरवाजाचे व्हिनाइल बदलावे लागेल" असे सांगतो. या दोन उत्तरांत इतका फरक का? याचे उत्तर पदार्थाच्या रचनेत आहे.

पापुद्रा कशाचा?

हा पापुद्रा पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी या बहुवारिकाचा असतो. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला सूर्यप्रकाशात राहिलेल्या व्हिनाइल क्लोराइडपासून एक पांढरा घन पदार्थ तयार झालेला आढळला. तोच पीव्हीसी. पण शुद्ध पीव्हीसी कडक असतो, त्यामुळे बराच काळ त्याचा फारसा उपयोग झाला नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी त्यात उच्च उत्कलनबिंदूचे द्रव मिसळले आणि रबरासारखा लवचीक पदार्थ मिळवला. या द्रवांचे रेणू बहुवारिकाच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सहज सरकू लागतात. गाडीवरचा पापुद्रा मऊ असतो तो यामुळेच.

हा पापुद्रा दोन पद्धतींनी बनवतात. पहिल्या पद्धतीत द्रवरूप मिश्रण सपाट पृष्ठावर पसरून भट्टीत सुकवतात. साखळ्यांवर ताण येत नाही, आणि सुमारे ५० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा मिळतो. दुसऱ्या पद्धतीत तापवलेला लगदा पोळी लाटावी तसा रुळांमधून दाबून काढतात. ही पद्धत स्वस्त आहे. पण त्यात साखळ्या ओढल्या जातात, आणि थंड झाल्यावर तो ताण आतच गोठून राहतो. हा पापुद्रा साधारण ७५ ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. ऊन लागले की साखळ्या पूर्वस्थितीकडे जाऊ पाहतात, पापुद्रा आक्रसतो आणि कडा मागे सरकतात. म्हणून गाडीच्या बाकदार भागांवर पहिल्या प्रकारचा पापुद्रा वापरणे इष्ट असते.

वर्गात करून पाहण्यासारखे

गोठलेला ताण विद्यार्थ्यांना दाखवणे सोपे आहे. थंड पेयाची रिकामी पेट बाटली बादलीत ठेवावी आणि शिक्षकांनी स्वतः तीत कडकडीत गरम पाणी ओतावे. बाटली वेडीवाकडी होऊन आक्रसते. बाटली बनवताना लहान नळीसारखा तुकडा ताणून फुगवलेला असतो, आणि उष्णता मिळताच साखळ्या त्या ताणातून सुटू लागतात. पेट आणि पीव्हीसी ही बहुवारिके वेगळी, पण तत्त्व एकच.

गोंद कसा धरतो?

पापुद्र्याच्या मागे ॲक्रिलिक गोंदाचा थर असतो. तो सुकून घट्ट होत नाही, कायम चिकटच राहतो. दाब दिला की तो दाट द्रवासारखा वाहून पृष्ठावरच्या सूक्ष्म खाचाखळग्यांत शिरतो. जितका स्पर्श अधिक तितके रेणूंमधले आकर्षण अधिक. यासाठी वेळ लागतो, म्हणून नव्याने चिकटवलेला भाग निदान एक दिवस धुवायचा नसतो. मध्ये धूळ, मेण किंवा तेल आले तर हा स्पर्शच घडत नाही. काचेच्या एका भागावर खडूची धूळ, दुसऱ्यावर खोबरेल तेलाचे बोट आणि तिसरा भाग स्वच्छ ठेवून तिन्ही ठिकाणी चिकटपट्टी लावून ओढून पाहावी. फरक हातालाच कळतो.

आधी निदान

दुरुस्तीपूर्वी एकच प्रश्न विचारायचा: इजा कोणत्या थराला झाली आहे? वरच्या पापुद्र्याला, मधल्या गोंदाला की खालच्या रंगाला आणि पत्र्याला?

*हलका ओरखडा.* येथे फक्त पापुद्र्याचा वरचा भाग सरकलेला असतो. भाग स्वच्छ करून हीट गनने, झोत सतत हलता ठेवून, हळूहळू तापवला की प्लास्टिक मऊ होते आणि ओरखडा बराचसा बसतो. मात्र जास्त तापवल्यास मंद पोताच्या व्हिनाइलवर चकाकणारे डाग पडतात, तर झोत एका जागी थांबला तर पापुद्रा जळतो.

*फुगा.* फुग्याच्या कडेला बारीक सुई टोचावी आणि मऊ पट्टीने हवा छिद्राकडे ढकलावी. पात्याने चीर देऊ नये. दुधाच्या पिशवीला कोपऱ्यात कापले की पुढे ती सहज फाटत जाते, कारण चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. गोल छिद्राभोवती तो विभागला जातो.

*सुटलेली कड.* गोंदावर धूळ बसली नसेल तर खालचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, कड किंचित तापवून दाबून बसवता येते. नंतर तो भाग पुन्हा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास तापवतात. त्यामुळे ताणलेल्या साखळ्या सैल पडतात. हे टाळले तर वैशाखातल्या पहिल्याच दुपारी कड पुन्हा उचलली जाते. गोंद मातीने माखला असेल तर मात्र तेवढा भाग कापून नवा लावणेच योग्य.

*आरपार फाटणे.* फाटलेल्या साखळ्या उष्णतेने पुन्हा जुळत नाहीत, म्हणून येथे ठिगळ लागते. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो. सुमारे एक सेंटिमीटर भाग जुन्या व्हिनाइलवर चढू द्यावा. दोन पट्ट्या जोडताना कौलारू छपराचा नियम पाळावा: वरची पट्टी खालचीवर आणि पुढची मागचीवर, म्हणजे पाणी आणि वारा सांध्यात शिरत नाहीत. पाते गाडीवर टेकवून कापू नये. रंग चिरला तर गंज तेथूनच सुरू होतो.

ठिगळ नीट बसले तरी रंग जुळेलच असे नाही. अतिनील किरणांमुळे जुन्या व्हिनाइलचे रंग फिकट झालेले असतात, शिवाय पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निसटून पिवळेपणा येतो. म्हणून कारागीर पूर्ण दरवाजाचे व्हिनाइल बदलायला सांगतो, ते नेहमीच नफ्यासाठी नसते. बोटाने वाकवताच तडकणारे व्हिनाइल तर दुरुस्त करूच नये, कारण त्यातला मऊपणा आणणारा द्रव निघून गेलेला असतो.

झाकले म्हणजे बरे झाले नव्हे

सर्वांत मोठी चूक होते ती इजा पत्र्यापर्यंत गेलेली असताना. पोचा किंवा गंज तसाच ठेवून वर नवे व्हिनाइल लावले की गाडी चकचकीत दिसते. पण कडेतून शिरलेला ओलावा आत अडकतो, गंज वाढत राहतो, आणि पापुद्रा निघेल त्या दिवशी रंगाचे पोपडेही बरोबर येतात. आधी पत्रा, मग रंग, आणि तो पूर्ण वाळल्यावर व्हिनाइल, हाच क्रम बरोबर आहे.

शेवटी काढलेल्या व्हिनाइलचे काय करायचे? पीव्हीसीच्या एका घटकाचे सूत्र C₂H₃Cl. अणुभारांवरून विद्यार्थी सहज हिशेब करतील: ६२.५ भागांत ३५.५ भाग क्लोरीन, म्हणजे जवळजवळ ५७ टक्के. असा कचरा उघड्यावर जाळला तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू बाहेर पडतो आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्येही तयार होतात. गोंद आणि शाई चिकटलेली असल्याने त्याचा पुनर्वापरही अवघड असतो. म्हणून पाच मिनिटांच्या दुरुस्तीने व्हिनाइल आणखी दोन वर्षे टिकणार असेल, तर त्यात पैशाबरोबर हवेचीही बचत आहे. गॅरेजच्या मागे पेटवलेल्या ढिगाजवळ मुले खेळत असतील, तर त्यांना तेथून दूर करावे आणि ती आग का नको, हे गॅरेजवाल्यालाही समजावून सांगावे.