बडा भाई, छोटा भाई
मैकलच्या डोंगरातल्या एका सेवाव्रताची कहाणी

बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता घाट चढून मैकलच्या पठारावर पोचतो, तसा मुलूख बदलत जातो. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या बांध्या, पोवारांची गावं, गोंदियाशी चालणारा रोटीबेटीचा व्यवहार आणि बाजारात सहज कानावर पडणारी मराठी. वर सालाचं जंगल, गोंडांचे आणि बैगांचे टोले. इथूनच पुढे कान्हाच्या मुक्की दारातून महाराष्ट्रातले पर्यटक वाघ पाहायला आत शिरतात.

याच डोंगररांगेच्या उत्तरेला, तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात, १९३२ साली दोन तरुण कुडाच्या झोपडीत राहायला आले. एक ऑक्सफर्डमध्ये शिकलेला इंग्रज पाद्री, व्हेरिअर एल्विन. दुसरा त्याचा मराठी ख्रिस्ती मित्र, श्यामराव हिवाळे. श्रद्धेपोटी घरदार सोडून परमुलखात सेवेला जाणाऱ्या जोडप्यांच्या कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. ही जोडी नवराबायकोची नव्हती, दोन मित्रांची होती. पण एकमेकांच्या आधाराने परक्या माणसांत मूळ धरायचं, ही गोष्ट त्यांनी ज्या निष्ठेने साधली तिला तोड नाही. एल्विन पुढे जगभर गाजले. श्यामरावांचं नाव मात्र महाराष्ट्रातही फारसं कुणी घेत नाही. या कामाचा कणा श्यामराव होते, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याच्या आश्रमातून

एल्विन यांचा जन्म १९०२ साली इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील आफ्रिकेत सिएरा लिओनचे बिशप होते आणि १९०९ मध्ये वारले. धर्मकार्यासाठी परदेशी जाणं अशा रीतीने घरातच होतं. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवून, धर्मगुरूची दीक्षा घेऊन १९२७ मध्ये एल्विन पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. इंग्रजांनी या देशावर जो अन्याय केला त्याची थोडी तरी भरपाई आपल्या हातून व्हावी, ही त्यांची भावना होती.

हा संघ जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेला. विन्स्लो अहमदनगर भागात काम केलेले, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या विचारांनी भारलेले; टिळकांचं इंग्रजी चरित्रही त्यांनी लिहिलं. ख्रिस्ताची भक्ती या मातीच्या रीतीने व्हावी, हा टिळकांचा ध्यास संघाने उचलला होता. तिथे गोरे आणि भारतीय एका पंगतीत जमिनीवर बसून जेवत, खादी नेसत. १९२०च्या दशकात एका इंग्रज पाद्र्याने असं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. श्यामराव याच संघात होते आणि एल्विनशी त्यांची गाठ इथेच पडली.

१९२८ च्या सुरुवातीला एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींचे होऊन बसले. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी उघडपणे काँग्रेसची बाजू घेतली. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा ते तिथेच होते. अशा माणसाला सरकार जवळ करणार नव्हतं आणि चर्चलाही तो नकोसा झाला होता. मध्य प्रांतातल्या गोंडांसाठी काम करा, असा सल्ला जमनालाल बजाज यांनी दिला होता. नागपूरचे बिशप अॅलेक्स वुड यांनी मात्र पाद्री म्हणून काम करण्याचा परवाना देण्यापूर्वी राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विननी ती घ्यायला नकार दिला आणि परवान्याशिवायच डोंगर गाठला. श्यामराव सोबत होतेच.

करंजियाची झोपडी

अमरकंटकजवळचं करंजिया हे त्यांचं पहिलं गाव. टेकडीवर माती-बांबूच्या झोपड्या उभ्या राहिल्या. एक छोटं प्रार्थनाघर, शाळा, दवाखाना, आणि पुढे कुष्ठरोग्यांसाठी वेगळं घर. आश्रमाला नाव दिलं संत फ्रान्सिसचं. संस्थेचं नाव गोंड सेवा मंडळ.

डॉक्टर तर दोघांपैकी एकही नव्हता. तरी दवाखान्यासमोर माणसं येऊन बसत: हिवतापाने थरथरणारी, खरजेने हैराण झालेली, चिघळलेल्या जखमा पानांनी बांधून आणणारी. क्विनीन, मलम, पट्ट्या आणि गरम पाणी एवढ्यावर काम चाले. एल्विन स्वतः हिवतापाने वरचेवर आडवे होत. अशा वेळी दवाखाना, शाळा, पाहुणे आणि गावातले भांडणतंटे, सगळं श्यामरावांच्या अंगावर असे. माणसं त्यांच्याकडे औषधाला येत आणि घरातलं गाऱ्हाणं सांगून जात. ऐकून घेण्याची ही त्यांची हातोटी एल्विननी मोकळ्या मनाने वाखाणली आहे. पुढे गावकऱ्यांनीच दोघांना नावं दिली, बडा भाई आणि छोटा भाई.

गावात राहू लागल्यावर सोबत आणलेल्या पुष्कळ कल्पना सोडाव्या लागल्या. आश्रमाच्या रिवाजाप्रमाणे चरखा आला होता. पण त्या डोंगरात कापूसच पिकत नव्हता, मग सूत कशाचं कातायचं? दारूबंदी शिकवायची, तर मोहाच्या दारूचा थेंब धरतीला वाहिल्याशिवाय तिथलं कुठलंही कार्य पुरं होत नाही. सगळ्यांत मोठा प्रश्न धर्मांतराचा. औषधाच्या बदल्यात धर्म देणं-घेणं या दोघांना मान्य नव्हतं. करंजियात त्यांनी कुणाला ख्रिस्ती करून घेतलं नाही. शेवटी १९३५ मध्ये एल्विननी इंग्लंडच्या चर्चशी नातं रीतसर तोडलं. सेवा मात्र चालूच राहिली, आणि मला या कहाणीतलं सगळ्यांत मोलाचं हेच वाटतं. ज्या श्रद्धेने त्यांना डोंगरात आणलं, तिच्या चौकटी गळून पडल्यावरही त्यांनी माणसं सोडली नाहीत.

बैहरचे बैगा

आपल्या बैहर भागात त्यांच्याआधीही मिशनरी येऊन गेले होते. रेव्हरंड लॅम्पार्ड बैहरला राहून काम करत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथात बैगांवरचं प्रकरण मोठ्या प्रमाणात लॅम्पार्ड यांच्याच टिपणावर उभं आहे. धर्म सांगायला आलेल्या माणसाने शेजाऱ्यांच्या चालीरीती इतक्या बारकाईने लिहून ठेवल्या, हे ऋण मान्य केलं पाहिजे.

एल्विन मात्र बैगांच्या दुःखापर्यंत पोचले. मंडला, बालाघाट आणि आसपासच्या बैगांवरचा त्यांचा 'द बैगा' हा जाडजूड ग्रंथ १९३९ मध्ये लंडनला छापला गेला. त्याच्या केंद्रस्थानी आहे बेवर. बेवर म्हणजे बैगांची फिरती शेती. उन्हाळ्याआधी कुऱ्हाडीने उतारावरची झाडं पाडायची, वाळली की पेटवायची, आणि पाऊस येण्याच्या सुमाराला त्या राखेत कोदो, कुटकी, डाळींचं बी विखरून द्यायचं. दोनतीन वर्षांनी जागा सोडून रानाला परत वाढू द्यायचं. नांगर धरायचा नाही, कारण धरती आई आहे आणि आईची छाती फाळाने चिरायची नसते.

इंग्रजांच्या वनखात्याने सालाच्या लाकडाकडे पाहून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेवर बंद करत आणलं. १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात बैगा चक आखून तेवढ्याच हद्दीत ते चालू ठेवलं. बाकीच्यांच्या, अर्थात बालाघाटकडच्या बैगांच्याही, हाती सक्तीने नांगर आला. एल्विननी दाखवून दिलं की यात धान्यापेक्षा मोठी गोष्ट हरवली. जो बैगा स्वतःला जंगलाचा राजा समजत होता, ज्याच्या मंत्राशिवाय गोंडांचं गावही वाघापासून सुरक्षित मानलं जात नव्हतं, तो आपल्याच रानात चोर ठरला. या माणसांना गोळ्या पुरेशा नाहीत, त्यांना त्यांचं रान परत हवं आहे, हे औषध वाटता वाटता कळलं आणि सेवेचं रूपांतर हक्कांच्या बाजूने लिहिण्यात झालं.

मुंबईतला वाद

'द बैगा'त एल्विननी असं सुचवलं की अशा जमातींसाठी राखीव मुलूख असावा, जिथे सावकार, ठेकेदार आणि धर्मप्रसारक यांना सहज शिरकाव मिळणार नाही. त्यावर मोठं वादळ उठलं. मालवणचे सुपुत्र आणि मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींवर ग्रंथ लिहून विरुद्ध बाजू मांडली. हे लोक वेगळे नसून मागे राहिलेले हिंदूच आहेत, त्यांना दूर ठेवणं म्हणजे त्यांचं नुकसान करणं, असं घुर्ये म्हणत. आदिवासींचं भलं कशात, हा प्रश्न तेव्हा मराठी विद्वानांच्याही ऐरणीवर होता. दुर्गाबाई भागवत यांनीही मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात हिंडून लोकगीतं आणि चालीरीती गोळा केल्या.

पुढे एल्विननी आपली भूमिका बदलली. राखीव मुलखाचा आग्रह त्यांनी सोडला. पण ज्यांचं भलं करायचं त्यांच्या मर्जीने आणि त्यांच्या गतीने, हे तत्त्व कधी सोडलं नाही. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमा प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, सरकारचे सल्लागार म्हणून गेले. पंडित नेहरूंच्या आदिवासी धोरणावर त्यांच्या विचाराची स्पष्ट छाप आहे. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९६४ मध्ये ते दिल्लीत वारले.

कोसीची बाजू

या गौरवाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकणं हा त्या माणसांवरच अन्याय होईल. १९४० मध्ये एल्विननी त्यांच्याच शाळेत शिकलेल्या कोसी नावाच्या राजगोंड मुलीशी लग्न केलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि नवरा सदतीस. दोन मुलगे झाले. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. एल्विननी आपल्या आत्मचरित्रात तिला जेमतेम जागा दिली. कोसीबाई पुढे कित्येक वर्षं रैतवार गावी हलाखीत जगल्या. सेवा करणारा आणि सेवा घेणारा यांच्यात ताकदीचा केवढा फरक असतो, हे कोसीबाईंच्या आयुष्याइतकं स्पष्टपणे कुठलाच ग्रंथ सांगत नाही. परक्या माणसांत काम करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट समोर ठेवावी.

मागे राहिलेला

एल्विन बस्तरला गेले, ओरिसाच्या डोंगरात गेले, शेवटी शिलाँगला गेले. त्या सगळ्या वर्षांत मंडळाचं काम श्यामरावांनी चालवलं. पाटणगड या प्रधानांच्या गावात त्यांनी संसारही थाटला. 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' हा १९३५ मधला आणि मैकलच्या लोकगीतांचा १९४४ मधला, या दोन्ही संग्रहांवर एल्विनच्या बरोबरीने त्यांचं नाव आहे. १९४६ मध्ये त्यांनी मित्राचं चरित्र लिहिलं, आणि त्याच वर्षी स्वतःचा ग्रंथही आला, नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या प्रधानांवर. प्रधान हे गोंडांचे भाट. बाना वाजवून ते बडादेवाला जागवतात आणि यजमान घराण्यांच्या कथा गातात. त्यांच्याबद्दलचा तो पहिल्या प्रतीचा ग्रंथ आहे, आणि त्या माणसांच्या शेजारी वर्षानुवर्षं राहून तो लिहिलेला आहे.

याच पाटणगडात जनगढसिंह श्याम हा प्रधान मुलगा जन्मला. भोपाळच्या भारत भवनचे जगदीश स्वामीनाथन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यातला चित्रकार हेरला आणि आज जगभर गाजणारी गोंड चित्रकला त्याच्या हातून उभी राहिली. ते श्रेय जनगढचं आणि त्याच्या समाजाचं आहे. पण ज्या समाजाकडे शहरांचं लक्ष नव्हतं, त्याच्या कलेची आणि कथांची नोंद मोल जाणून एका मराठी माणसाने आधीच करून ठेवली होती, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

आजही महाराष्ट्रातून कितीतरी तरुण, त्यात नवी लग्न झालेली जोडपीही, मेळघाटात, भामरागडला, बैहरच्या पठारावर कामाला येतात. कुणी धर्मश्रद्धेने येतं, कुणी संस्थेच्या नोकरीवर, कुणी नुसत्या तळमळीने. प्रकल्पाचा कागद त्यांच्या हाती आधीच तयार असतो आणि त्यात गावाला काय द्यायचं ते लिहिलेलं असतं. त्यांनी श्यामरावांचा क्रम ध्यानात घ्यावा: आधी मुक्काम, मग बोली, मग ओळख, आणि त्यानंतर काम. या क्रमाने गेलेला माणूस आणलेल्या पुष्कळ गोष्टी टाकून देतो, गावाच्या गरजेच्या नव्या शिकतो, आणि ज्यांच्यासाठी आलो त्यांच्या हक्काची गोष्ट आली की वनखात्यासमोरही त्यांच्या बाजूने उभा राहतो. श्यामरावांनी हे करून दाखवलं. त्यांचं नाव एल्विनच्या शेपटाला न लावता स्वतंत्रपणे घेतलं जावं, एवढा त्यांचा मराठी समाजावर हक्क आहे.