दाणे टपोरे राहावेत म्हणून

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असं फळ फ्रीजमध्ये तपकिरी पडू देणं जिवावर येतं. दोष बहुतेकदा सुरीचा असतो. दाणा चिरला की पेशी फुटतात, आतल्या एन्झाइमला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंग काळवंडतो. म्हणून सालीवर फक्त चिरा द्या. फळ हातानं उकला. फुटके दाणे लगेच खाऊन टाका, त्यांच्या रसानं बाकीचे चिकट होतात. धुतलेत तर फडक्यावर पूर्ण सुकवा, मगच हवाबंद डब्यात ५ अंशांच्या आसपास ठेवा. चार-पाच दिवस दाताखाली करकरीत लागतात. सफरचंदाच्या फोडी मात्र चिरल्याबरोबर लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवाव्या लागतात. आम्लानं एन्झाइम मंदावतं.