शिंगराच्या पोटातली चुकलेली वाट

दोन-तीन महिन्यांचं शिंगरू आईच्या दुधाबरोबर गवत-चंदी खाऊ लागतं आणि एके दिवशी भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. मग एकाच दिशेने गोल गोल फिरतं, डोळे उघडे असून समोरच्या बादलीला धडकतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक. पूर्वी अशा वेळी मेंदूचा आजार, विषबाधा असे तर्क चालत आणि खरं कारण बहुधा शवविच्छेदनातच उघड होई. आतड्यांकडून यकृताकडे जायचं रक्त एका जन्मजात आडवाटेने थेट मोठ्या शिरेत उतरत असे. अमोनिया न गाळताच मेंदूपर्यंत पोहोचत असे.

कुत्र्यांच्या पिल्लांत हा दोष परिचयाचा, घोड्यांत मात्र विरळा. गर्भावस्थेत यकृताला वळसा घालणारी नलिका घोड्यात जन्माच्या कितीतरी आधीच नाहीशी होते. 1988 च्या सुमारास अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय नियतकालिकांत शिंगरांच्या अशा नोंदी छापून आल्या. 1996 मध्ये दोन वासरं आणि दोन शिंगरं यांच्यातल्या या दोषाचं निदान आणि शस्त्रक्रिया यांवर एक लेख प्रसिद्ध झाला.

त्या काळी खात्री करायची म्हणजे शिंगराला भूल द्यायची, पोट उघडायचं, आतड्याची एखादी बारीक शीर शोधून तिच्यात नळी घालायची आणि आयोडिनयुक्त द्रव सोडताच क्ष-किरणांनी फोटो काढायचे. द्रव यकृतात झाडाच्या फांद्यांसारखा पसरला तर सगळं ठीक. तो यकृताला टाळून पुढे निघाला, तर आडवाट नक्की. पण फोटो सपाट. एकमेकींवर आलेल्या शिरांतली दोषी कुठली, हे शस्त्रवैद्याला पुष्कळदा हाताने चाचपूनच ठरवावं लागे.

सोनोग्राफीने चिरफाड टाळली. त्यातच डॉप्लर आल्यावर रक्त कुठे चाललंय हेही पडद्यावर रंगांत दिसू लागलं. हृदयाजवळची, जन्मानंतर काही दिवसांत बंद व्हायची धमनीनलिका उघडी राहिली आहे का, हेही त्यावर तपासता येतं. पोटात मात्र वायूने फुगलेली आतडी मध्ये येतात आणि नेमकी हवी ती शीर झाकली जाते.

ही अडचण सीटी स्कॅनने दूर केली. हाउन्सफील्ड यांनी घडवलेल्या सीटी यंत्रावर माणसाचा पहिला स्कॅन लंडनमध्ये 1971 साली झाला. पाचशे किलोंच्या घोड्याचं पोट यंत्राच्या कड्यात मावत नाही. जेमतेम पन्नास किलोंनी जन्मणारं शिंगरू मात्र पहिले काही महिने माणसांच्या यंत्रातही बसतं. शिरेतून द्रव सोडून काही सेकंदांत घेतलेल्या पातळ छेदांतून संगणक रक्तवाहिन्यांचं त्रिमितीय चित्र उभं करतो. आडवाट यकृताच्या आत आहे की बाहेर, किती रुंद आहे, हे चीर देण्याआधीच कळतं. ही माहिती मोलाची, कारण शस्त्रक्रियेत रुंद वाट एका झटक्यात बांधून बंद केली तर आतड्यांत रक्त तुंबतं.

तरीही स्कॅनला भूल लागतेच, आणि भुलेची औषधं निकामी करण्याचं बरंचसं काम त्याच अशक्त यकृताकडे असतं. त्यामुळे शंका आली की आधी रक्तातला अमोनिया मोजतात. तो नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो. उशीर झाला तर आकडा उगाचच चढलेला येतो आणि धडधाकट शिंगराच्याही वाट्याला भूल येऊ शकते.