सर्व्हरचं उत्तर, बाइट मोजून

ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं की पान उघडतं. पानाच्या आधी सर्व्हरने पाठवलेल्या काही ओळी मात्र आपल्याला दिसत नाहीत. पहिली निकालाची: ‘एचटीटीपी/१.१ २०० ओके’. २०० म्हणजे मागितलेलं मिळालं, ४०४ म्हणजे ते इथे नाही, ५०० म्हणजे सर्व्हरचंच काहीतरी बिघडलं. पाठोपाठ हेडर येतात, म्हणजे मजकूर कोणत्या प्रकारचा, किती लांबीचा याची माहिती. मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर खुद्द मजकूर.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे हे नियम म्हणजे एचटीटीपी. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत निकालाची ओळ नव्हती आणि हेडरही नव्हते. सर्व्हर थेट एचटीएमएल पाठवायचा आणि कनेक्शन तोडायचा. पान पूर्ण आलं की मध्येच तुटलं, हे ब्राउझरला कळायची सोय नव्हती.

निकाल आधी आणि मजकूर नंतर, हा क्रम प्रोग्रामरला जपावाच लागतो. २०० एकदा रवाना झालं की ते मागे घेता येत नाही. निम्मं पान गेल्यावर डेटाबेस कोलमडला, तरी निकाल ‘ओके’च राहतो. म्हणून शक्य तिथे आधी सगळी माहिती हाताशी घ्यावी आणि मगच पहिली ओळ लिहावी. ‘पान सापडलं नाही’ असा मजकूर २०० लावून पाठवणं तर सरळसरळ चूक आहे. सर्च इंजिन त्याला खरं पान समजू शकतं.

मराठीची खरी परीक्षा होते ती लांबीच्या हेडरमध्ये. तिथे अक्षरं नव्हे, बाइट मोजायचे असतात. ‘नमस्कार’मध्ये युनिकोडच्या हिशेबाने सात चिन्हं आहेत: न, म, स, हलन्त, क, काना, र. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. प्रोग्रामरने चिन्हं मोजून ७ लिहिलं, तर ब्राउझर सात बाइट वाचून थांबतो. ‘नम’ नीट उमटतं, ‘स’चा एकच बाइट पोचतो आणि त्या जागी प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन दिसतो. इंग्रजी मजकुरात एका अक्षराला एकच बाइट लागतो, त्यामुळे ही चूक तिथे उघडकीलाच येत नाही.

लांबी आधी ठाऊक नसेल, तर एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीत तुकड्यातुकड्यांनी पाठवायची सोय आहे. प्रत्येक तुकड्याआधी त्याचा आकार लिहायचा आणि शेवटी शून्य आकाराचा तुकडा पाठवायचा. मोजणी तिथेही बाइटचीच.

मराठी संकेतस्थळं बांधणाऱ्यांनी चाचणीचा मजकूरही मराठीतच ठेवावा, जोडाक्षरांसकट.